चकोर नव्हे, चकोत्री

चकोर आपल्या साहित्यात पूर्वापार आहे. ज्ञानेश्वरांनीही श्रोत्यांना चकोराच्या पिलांचा दाखला दिला. पण चकोर राहतो हिमालयात. महाराष्ट्राच्या रानात आहे ती चकोत्री. नावे सारखी वाटली तरी दोन्ही पक्षी निराळे. येथे स्टेट कॉलेजमध्ये मुलांना पेनसिल्व्हेनियाचा राज्यपक्षी रफ्ड ग्राउझ ठाऊक असतो, चकोत्री मात्र पालकांनाही ठाऊक नसते, म्हणून हा लेखप्रपंच.

चकोत्रीच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव गॅलोपर्डिक्स, म्हणजे 'कोंबडा-तितर'. तिच्यात तीनच जाती. तांबडी चकोत्री सह्याद्रीत आढळते, चितारलेली चकोत्री विदर्भासारख्या कोरड्या, खडकाळ झुडपी रानात, आणि तिसरी फक्त श्रीलंकेत. तांबडी चकोत्री साधारण 14 इंचांची, गावठी कोंबडीहून लहान. रंग विटकरी, डोळ्यांभोवती लाल कातडी. नराच्या प्रत्येक पायाला एकाहून अधिक आऱ्या असतात, मादीलाही एखादी असते. इंग्रजीतले स्परफाउल हे नाव त्यावरूनच पडले.

ही पाखरे जोडीने किंवा लहान थव्याने पालापाचोळा उकरून बिया, फळे, किडे खातात. चाहूल लागली की उडण्यापेक्षा पळून जाळीत शिरणे त्यांना पसंत. रात्री मात्र झाडावर बसतात. म्हणूनच चकोत्री दिसते कमी, तिचा कलकलाट ऐकू येतो जास्त.

आपला ग्राउझही असाच लपणारा. हिवाळ्यात त्याच्या बोटांच्या कडेला कंगव्यासारखे दाते फुटतात, त्यामुळे तो बर्फावर चालू शकतो. त्याला कोवळे, दाट जंगल लागते. जंगले जुनी होत गेली, त्यात 2000 साली वेस्ट नाइल विषाणू या राज्यात आला, आणि ग्राउझची संख्या घटली.

चकोत्रीचे संकट वेगळे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण दिले, पण कायद्याने वणवा थांबत नाही. तिची वीण मुख्यतः जानेवारी ते जूनमधली, घरटे म्हणजे झुडपाखाली जमिनीवरचा उथळ खळगा, त्यात तीन ते पाच अंडी. आपल्या डोंगरांवर वणवे लागतात तेही नेमके याच महिन्यांत. मोठे झाड आगीतून वाचते. जाळी आणि जमिनीवरची अंडी वाचत नाहीत.

पुढच्या भारतभेटीत महाबळेश्वरला किंवा भीमाशंकरला गेलात, तर पहाटे रानाच्या वाटेवर थोडे गप्प उभे राहा. आणि गावाकडे कोणी 'गवत चांगले येते' म्हणून डोंगर पेटवत असेल, तर त्याला या खळग्यातल्या अंड्यांविषयी जरूर सांगा.