धाब्याचं घर आणि सर्वज्ञ प्रासाद

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय 'थायलंडचा प्रवास' असा छापलाय. सत्तरी ओलांडलेला माणूस बँकॉकला जाऊन आला म्हटल्यावर आमच्या सकाळच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींत जे काही हसू झालं, त्याचा खुलासा करत बसत नाही. सौ. बरोबर होत्या, एवढं पुरे. खरं सांगायचं तर प्रवासवर्णन मला जमत नाही. तिथे एक जागा पाहिली आणि तिच्यामुळे इथलीच, पूर्णेकाठची एक जुनी गोष्ट पुन्हा डोक्यात सुरू झाली. ती तुमच्यापुढे मांडतो.

बँकॉकच्या दक्षिणेला, समुद्राच्या तोंडाशी समुत प्राकान नावाचं शहर आहे. नाव नीट ऐका: समुद्र आणि प्राकार, म्हणजे समुद्राचा तट. थाई लोक आपलेच शब्द त्यांच्या जिभेने बोलतात. आमचा ग्रुप त्या दिवशी खरेदीला गेला. आम्ही दोघं त्या उंचावरून धावणाऱ्या रेल्वेने तिच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत, खेहापर्यंत गेलो आणि पुढे टॅक्सी केली. तिथे 'मुआंग बोरान' नावाचं उघड्यावरचं संग्रहालय आहे. मुआंग म्हणजे नगर. बोरान हा शब्द पालीतल्या 'पोराण'वरून आलेला, म्हणजे आपलं 'पुराण'. जुनं नगर. लेक विरियाफान नावाच्या एका धनिक व्यापाऱ्याने ते उभं केलं आणि १९७२ मध्ये ते लोकांना खुलं झालं. त्यांची मूळ कल्पना मोठी गमतीची होती. गोल्फचं मैदान करायचं आणि त्यात थायलंडमधल्या वास्तूंच्या छोट्या प्रतिकृती मांडायच्या! पण त्यासाठी देशभर हिंडून पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मूळ वास्तूच पडायला आल्यात. मग गोल्फ मागे पडला.

सुमारे सव्वातीनशे एकर जागा आहे, आणि तिचा आकार थायलंडच्या नकाशासारखा ठेवलाय. दक्षिणेच्या शेपटीतून आत शिरायचं आणि उत्तरेकडे चालत जायचं. आम्ही गोल्फवाली बॅटरीची गाडी भाड्याने घेतली. गोल्फ तेवढा शिल्लक राहिला म्हणायचा. शंभरावर वास्तू आहेत, पण सगळ्या एका जातीच्या नाहीत, आणि माझं डोकं तिथेच अडकलं. काही घरं खरोखरची जुनी आहेत. मोडायला निघालेली, विकत घेऊन, सुटी करून, तिथे आणून पुन्हा जोडलेली. काही देवळं मुळाची नक्कल आहेत, लहान केलेली. आणि काही वास्तू अशा, की ज्यांचं मूळ आज जगात कुठेच नाही.

त्यांतला एक राजवाडा सांगतो. 'सन्फेट प्रासात'. प्रासात म्हणजे प्रासाद, हे तुम्ही ओळखलंच. सन्फेट म्हणजे सर्वज्ञ. बुद्धाचं विशेषण आहे ते. इथे सर्वज्ञ म्हटलं की आपल्याला श्रीचक्रधर आठवतात, तिथे बुद्ध. हा सर्वज्ञ प्रासाद अयुथ्थया या जुन्या राजधानीत होता. (अयुथ्थया म्हणजे अयोध्याच.) १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने ती राजधानी जाळली. आज मूळ जागी गेलात तर फक्त जोतं दिसतं. नवी राजधानी बँकॉकला वसवताना जुन्या तटाच्या विटा नावांत भरून नदीवाटे तिकडे नेल्या. म्हणजे पहा, जागा अयुथ्थयात, विटा बँकॉकच्या बांधकामात, आणि रूप समुत प्राकानला, दोनशे वर्षांनी जुन्या नोंदी आणि उत्खनन पाहून नव्याने उभारलेलं. आता सांगा, अयुथ्थया कुठे आहे?

आणखी एक. तिथे एक कृत्रिम टेकडी रचून तिच्या माथ्यावर प्रेह विहारचं देऊळ केलंय. खरं देऊळ थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर, कड्याच्या टोकाला आहे. १९६२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते कंबोडियाचं ठरवलं. आणि दहा वर्षांत त्याची प्रतिकृती थायलंडच्या नकाशात, जिथे असायला हवी तिथे उभी राहिली! संग्रहालय नुसतं जुनं जपतं असं समजू नका. कधी कधी ते भांडतं, कधी रुसतंही. मी त्या टेकडीवर अर्धी चढण चढलो आणि गुडघ्यांनी नकार दिला.

खाली येऊन एका लाकडी घराच्या पायरीवर बसलो. सुटं करून आणलेल्या घरांपैकी ते असावं. खांबावर, खाचेच्या बाजूला, कुणीतरी कोरलेली खूण होती. आकडा का अक्षर, मला थाई वाचता येत नाही. पण ती खूण कशासाठी असते ते मला बरोबर माहीत होतं. कारण तशा खुणा मी स्वतः केल्यात. गेरूने.

हतनूरचं धरण १९८२ साली पूर्ण झालं. धरण भुसावळ तालुक्यात, पण ते तापी-पूर्णेच्या संगमाच्या खाली असल्यामुळे पाण्याचा फुगवटा दोन्ही नद्यांच्या पात्रांत मागे शिरला. चांगदेवच्या संगमावर जाऊन उभं राहिलं की कळतं पाणी किती पसरलंय. नदीकाठच्या लोकांना उठून वर यावं लागलं. त्यांत माझे मामा होते. गावाचं नाव सांगत नाही, त्यांची मुलं इथे समोर बसलेली असायची. त्यांचं घर नऊ खणांचं, धाब्याचं.

तरुण मंडळींसाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण परवा एका इंजिनिअरिंगच्या मुलाला धाबं म्हणजे हायवेवरचं जेवणाचं ठिकाण एवढंच माहीत होतं. धाब्याच्या घराच्या भिंती दगडमातीच्या, दीड-दोन हात रुंद. पण खरं म्हणजे छपराचा भार भिंतीवर नसतोच, तो लाकडावर असतो. तळखड्यावर सागाचा खांब, खांबावर तुळई, तुळयांवर आडवी लाकडं, त्यांवर किलचनं किंवा फळ्या, त्यावर पालापाचोळ्याचा थर, आणि वर वीतभर-दोन वीत माती. सर्वांत वर खारी माती. ही पांढरट माती पाणी पिऊन फुगते आणि भेगा आपोआप बुजवते, म्हणून छप्पर गळत नाही. त्याला किंचित उतार आणि टोकाला पन्हाळ. खानदेशात मे महिन्यात काय उन्हाळा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या घरात दुपारी गार वाटायचं. भिंतीत बळद, धान्यासाठी. पण एक अट होती. दर वर्षी, पाऊस लागायच्या आत, धाब्यावर चढून गवत उपटायचं आणि नवी खारी माती टाकायची. एक वर्ष चुकलं तर गळायला लागतं, तीन वर्षं चुकली तर तुळई कुजते.

मामांनी घर सोडताना माती सोडली आणि लाकूड घेतलं. सुतार होता, मी होतो, मामेभाऊ होते. मी तेव्हा कॉलेजात नुकताच अधिव्याख्याता झालेलो, सुट्टीत आलो होतो. प्रत्येक खांबावर, तुळईवर मी गेरूने आकडे घातले: पूर्व एक, पूर्व दोन असं. बैलगाड्यांनी लाकूड वर आणलं. नवीन प्लॉट लहान, तोंड दक्षिणेला. 'पूर्व एक' आता पश्चिमेला बसला. नऊ खणांचे पाच झाले. उरलेली लाकडं गोठ्याला गेली. आणि मामी नव्या घरात पहिल्या रात्री झोपल्या आणि सकाळी म्हणाल्या, "घर तेच आहे, पण मी पाहुणी आहे."

पीएचडी मी नंतर केली. पण खरं सांगतो, माझा प्रश्न मामींनी त्या सकाळी सांगून टाकला होता.

आपल्याकडे हा प्रश्न जुनाच आहे. मिलिंद राजा नागसेन भिक्षूला भेटायला रथातून आला. नागसेनाने विचारलं, रथ म्हणजे काय? चाकं? आस? जू? यांतलं एकही रथ नाही, आणि हे सगळं वगळून उरणाराही रथ नाही. रथ हे एक चालू नाव आहे. न्याय-वैशेषिकांना हे अजिबात पटलं नाही. ते म्हणाले, अवयव वेगळे आणि अवयवी वेगळा. कापड हे धाग्यांहून निराळं खरंखुरं द्रव्य आहे. पण मग त्यांना मान्य करावं लागलं की एक धागा काढला की जुनं कापड नष्ट झालं आणि नवं उपजलं. हे जरा महाग पडतं. तिकडे ग्रीकांकडे थीसियसच्या जहाजाची कथा आहे: एकेक फळी बदलत सगळं जहाज बदललं, तर ते तेच का? सतराव्या शतकात हॉब्जने त्यात खोडी काढली. समजा कुणी काढलेल्या जुन्या फळ्या जपून ठेवल्या आणि त्यांचं दुसरं जहाज जोडलं, मग खरं कोणतं?

वर्गात मी हे तीस वर्षं शिकवलं. मुलं दोन गटांत भांडायची, एक लाकडाच्या बाजूने, एक आकाराच्या. मीही त्या दोनच्या पलीकडे गेलो नाही. लाकूड मामांच्या नव्या घरात होतं, आकार अयुथ्थयाच्या नकलेत होता. दोन्हींत काहीतरी नव्हतं. काय नव्हतं ते मला भोपाळला कळलं, आणि तेही थायलंडहून आल्यावर.

भुसावळहून खंडवा, इटारसी, भोपाळ. रात्री बसा, सकाळी उतरा. तिथे श्यामला टेकडीवर, मोठ्या तलावाच्या वर, इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. सुमारे दोनशे एकर. आपल्यापैकी किती जण गेलेत? हात वर करा. चार. बँकॉकला गेलेले जास्त निघतील! तिथे देशभरातल्या आदिवासी आणि ग्रामीण समाजांची घरं आहेत, आपल्या वारल्यांचंही आहे. पण ती कंत्राटदाराने बांधलेली नाहीत. त्या त्या समाजातली माणसं बोलावली, त्यांनी आपलं सामान आणलं आणि आपल्या हाताने घर केलं. बांबू आणि गवत भोपाळच्या पावसात किती टिकणार? कुजतं. मग ते पुन्हा शाकारावं लागतं, आणि त्यासाठी जाणती माणसं लागतात. मी गेलो त्या दिवशी दोन बायका एका घराची भिंत लिंपत होत्या. मला दिसलेल्या भिंतीवरची माती आठ दिवसांपूर्वीची होती. लाकूड जुनं नाही, जागा तर मुळीच ती नाही. तरी तिथे जे होतं ते मामांच्या घरात नव्हतं.

तिथे ते घर करता येणारी माणसं होती. मातीच्या वास्तूची ओळख लाकडातही नाही आणि आकारातही नाही. ती दर वर्षी पुन्हा करण्यात आहे. नागसेन म्हणतो ते 'चालू नाव' कुणीतरी चालू ठेवावं लागतं. दगडाचं तसं नाही, म्हणून दगडाची सोय होते. श्रीशैलमच्या धरणासाठी कृष्णा-तुंगभद्रेच्या संगमावरचं कूडवेल्लीचं देऊळ दगड न् दगड सुटा करून आलमपूरला नेलं, आणि ते योग्यच झालं. आपलं चांगदेवचं देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. पण धाब्याच्या घराला कुणाच्या संरक्षणात टाकणार? ताबा घेऊन कुलूप लावलं तर तीन पावसाळ्यांत खाली येईल.

माझा यावर एक आक्षेप आहे, माझ्याच मुद्द्यावर. भोपाळच्या घरात रात्री कुणी झोपत नाही. चुलीला राख नाही. संध्याकाळी शिपाई फाटक लावतो. हे खरंच आहे, आणि याचं उत्तर माझ्याकडे पुरतं नाही. कण्हेरी मठावरच्या संग्रहालयात गावगाडा पुतळ्यांनी दाखवलाय, लोक गर्दी करतात, मुलांना आवडतं. तिथेही हीच अडचण. पण मला विचाराल तर रिकामं का होईना, जे घर पुन्हा करता येतं ते मला पुतळ्यांनी भरलेल्या घरापेक्षा जास्त जिवंत वाटतं.

आता शेवटचं, जे सांगण्यासाठी मी हा विषय घेतला. सात-आठ वर्षांपूर्वी मामांच्या नातवांनी पाच खणांचं ते घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरवलं. जुन्या सागवानाचा व्यापारी आला. खांबांवरचं कोरीवकाम पाहून त्याने चांगला भाव दिला. अशी लाकडं आता कुठे कुठे हॉटेलांत शोभेला उभी असतात. आईच्या वाट्यामुळे कागदावर माझीही सही लागत होती. मी केली. थीसियसचं जहाज शिकवलेल्या माणसाने दोन मिनिटांत सही केली, कारण नातसुनेला गळणारं घर नको होतं आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. धाब्यावर चढणारं त्या घरात कुणी उरलं नव्हतं. ट्रक भरताना एका तुळईवर मला गेरूचा फिकट आकडा दिसला. अक्षर माझंच होतं.

तेव्हा मी लाकूड वाचवायला हवं होतं असं आज मला वाटत नाही. वाचवायचा होता तो माती टाकणारा माणूस. मुक्ताईनगरच्या आसपासच्या जुन्या गावठाणांत अजून थोडी धाब्याची घरं राहती आहेत. त्यांची मापं घेणं, खण मोजणं, फोटो काढणं हे कॉलेजची मुलं एका सुट्टीत करतील. ते करा. पण त्याने फार तर आकार राहील. खारी माती कुठल्या खाणीतली घ्यायची, किती भिजवायची, कुठे जाड टाकायची आणि पन्हाळीपाशी कशी दाबायची, हे कागदावर येत नाही. मी दोनदा लिहायचा प्रयत्न केला. जे लिहिलं ते वाचून कुणाला धाबं करता येणार नाही.

कोथळीच्या रस्त्याला एक आजोबा आहेत. आषाढीला जुन्या मंदिरातून मुक्ताईची पालखी निघायच्या आधी, दर वर्षी ते स्वतःच्या घरावर माती टाकतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांना मी विचारलं, "बाबा, पोरं आणली तर शिकवाल का?" ते म्हणाले, "आणा, पण चपला खाली काढून चढा म्हणा." मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते काम करणार आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी आपलं नाव आज संयोजकांकडे द्यावं. सकाळी सहाला यायचं, ऊन चढायच्या आत. एका वेळी चारच जण वर. त्याहून जास्त वजन त्या तुळया घेतील असं मला वाटत नाही.