ढोरवाटेवर दोन इंची टायर

तळेगाव सोडलं की पुणे-लोणावळा लोकलला वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली अशी स्टेशनं लागतात. माउंटन बाइक चालवणाऱ्याला ही स्टेशनं म्हणजे दारं वाटतात. कान्ह्याहून उत्तरेला वळलं की आंदर मावळ. कामशेतहून नाणे मावळ. मळवलीहून दक्षिणेची खिंड ओलांडली की पवन मावळ. मधोमध इंद्रायणी आणि तिच्या खोऱ्यातून धावणारी रेल्वे. या टापूत सायकल दामटताना जे जे हाती लागलं, त्यातलं हे काही.

खेळ नवा, शब्द जुने

माउंटन बाइकिंगचा जन्म 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत झाला. जेमतेम एक सायकल जाईल अशा वाटेला तिथले लोक ‘सिंगलट्रॅक’ म्हणू लागले. मावळात तिला आधीपासून नाव आहे : ढोरवाट. गुरांच्या खुरांनी पडलेली, वीतभर रुंदीची वाट. गुरं डोंगर कधी नाकासमोर चढत नाहीत. ती तिरपी, पोटाला धरून जातात. म्हणून चांगली ढोरवाट सायकलला आपसूक झेपेल अशा चढाची असते. बैलगाडीची ती गाडीवाट. तिच्यात चाकांनी कोरलेली खोलगट रेघ म्हणजे चाकोरी. पुढचं चाक एकदा चाकोरीत शिरलं की बाहेर काढताना हमखास आडवं होतं, त्यामुळे ‘चाकोरीबाहेर’ हा शब्द इथे अगदी शब्दशः पाळावा लागतो.

आणखी आहेत. डोंगराच्या कमरेची सपाट पट्टी म्हणजे पदर. धारेवरून खाली उतरत आलेली ती सोंड. दोन कड्यांमधली दगडगोट्यांची घसरण ती नाळ. पदर धरावा, सोंडेवर सांभाळून, नाळेत सायकल खांद्यावर! कुठल्याही अ‍ॅपपेक्षा हे तीन शब्द जास्त कामाला येतात.

वाट विचारतानाही शब्द नेमका लागतो. ‘रस्ता कुठाय?’ विचारलं की माणसं डांबरीकडे बोट दाखवतात. नाणे मावळात जांभिवलीच्या कोंडेश्वराकडून परतताना गुरं राखणाऱ्या एका बाबांना विचारलं, “बाबा, ही वाट खाली धरणाकडे उतरते का?” त्यांनी आधी टायर दाबून पाहिला, मग ब्रेकची तार निरखली. “वाट हाय. पर ढोरवाट हाय. गुरं उतरत्यात. तुमी त्या आंब्यापातुर बसून जावा, पुढं हातात धरा.” आंब्यापर्यंत खरोखर बसून गेलो. पुढे हातात धरली. आंब्यापुढचा उतार पाहिल्यावर त्यांच्या नजरेला मनोमन दंडवत घातला.

डोंगर की जिना?

इथला काळा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थिजलेले थर. भूगर्भशास्त्रात त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात आणि तो शब्द आला जिन्यासाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून. सायकलवर बसल्यावर हे नाव पटतं. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून सपाट होतो. उभा टप्पा, सपाट टप्पा, पुन्हा उभा टप्पा. त्या सपाट टप्प्यांचेच पदर झाले.

एकच गाव, दोन समुद्र

लोणावळ्याच्या आसपास पडलेल्या पावसाची वाटणी मोठी मजेची आहे. पूर्व उतारावरचं पाणी इंद्रायणीत, तिथून तुळापूरला भीमेत, मग कृष्णेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात. तर राजमाचीच्या बाजूला पडलेलं पाणी उल्हास नदीतून वसईच्या खाडीकडे, म्हणजे अरबी समुद्रात. लोणावळा ते राजमाची ही सुमारे 15 किलोमीटरची कच्ची वाट माउंटन बाइकवाल्यांची आवडती. वाटेत डावीकडे खोल दिसणारी दरी उल्हासची आणि शेवटी उधेवाडीच्या डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे जोडबालेकिल्ले.

या वाटणीत माणसानेही हात घातला. टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात धरणं बांधून पूर्वेला निघालेलं पाणी अडवलं आणि सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला सोडलं. 500 मीटरहून जास्त उंचीवरून ते खोपोलीच्या वीजघरात कोसळतं. 1915 पासून तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. आंदर मावळातलं ठोकळवाडीचं पाणी असंच खाली भिवपुरीला जातं. ते वीजघर 1922चं. टाकव्यावरून पुढे सायकल मारत गेलात की हा जलाशय बराच वेळ सोबत करतो. त्याच्याकडे पाहताना मला नेहमी वाटतं, या पाण्याला बंगालच्या उपसागरापर्यंत जायचं होतं.

मावळचे सर्वांत नामांकित सायकलस्वार

त्यांच्याकडे ना गियर, ना सस्पेन्शन. हँडलला आणि कॅरिअरला जेवणाचे डबे. मुंबईच्या डबेवाल्यांची मुळं मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांच्या गावांत आहेत. महादू हावजी बच्चे यांनी 1890मध्ये या कामाची घडी बसवली. आंदर मावळातल्या एखाद्या घरासमोर चहाला थांबावं, तर घरातला कर्ता माणूस मुंबईच्या डबे-लाइनवर असल्याचं कळतं. आपण महागडी सायकल भिंतीला टेकवून दमलो म्हणत असतो आणि ज्याच्या अंगणात बसलोय तो माणूस त्या वेळी भर उन्हात काळी लोखंडी सायकल रेटत असतो. डोंगरात चढ आला की मी हे आठवतो, आणि पाय चालतात.

चार गडांच्या मधलं पाणी

पवन मावळची फेरी करायची तर मळवलीला उतरावं, भाज्याची लेणी डाव्या हाताला ठेवून गायमुख खिंड चढावी. एका बाजूला लोहगड, दुसऱ्या बाजूला विसापूर. नाव लोहगडाचं मोठं, पण उंची विसापूरची जास्त. 2025मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत लोहगड आहे. सायकल लोहगडवाडीत ठेवा आणि गड पायीच चढा. त्या पायऱ्या चाकांसाठी नाहीत.

लोहगडवाडीतून उतरून दुधिवरे खिंडीजवळ आलं की समोर पवनेचा जलाशय पसरतो. पलीकडे सुळक्यासारखा तुंग, म्हणजे कठीणगड, आणि त्रिकोणी तिकोना, म्हणजे वितंडगड. नावं ठेवणाऱ्याने चढाचा अंदाज आधीच देऊन ठेवलाय. पाण्याला वळसा घालत तिकोना पेठ, मग पवनानगर आणि बेडसे लेण्यांजवळून कामशेत. चार गड, दोन लेणी, दोन स्टेशनं! माझ्या मते पुणे जिल्ह्यात एका दिवसात याहून श्रीमंत फेरी नाही.

आणि उन्हाळ्यात एक नवल. धरण खाली गेलं की वर्षातला बराच काळ पाण्यात असलेलं वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर उघडं पडतं. भेगाळलेल्या गाळातून तिथवर जाताना टायरखाली खापऱ्या मोडल्यासारखा कुरकुर आवाज येतो.

कमी हवा, जास्त वेग

पंक्चरवाला प्रेमाने दगडासारखी टाइट हवा भरतो. डांबरीवर ठीक, खडकाळ गाडीवाटेवर नाही. टाइट टायर प्रत्येक गोट्यावरून उडतो, त्यात जोर वाया जातो. मऊ टायर गोट्याला पोटात घेतो आणि पुढे सरकतो. करवंदीच्या आणि बाभळीच्या काट्यांचं काय? त्यावर ट्यूबलेस टायर आणि आतलं चिकट द्रावण : काटा उपसला की भोक द्रावणानेच बुजतं.

ब्रेकची गोष्ट मरिन काउंटीतलीच. 1976मध्ये तिथे उतारावरची एक शर्यत सुरू झाली, तिचं नाव ‘रिपॅक’. जुन्या सायकलींच्या मागच्या हबमध्ये असलेला ब्रेक उतरताना इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली पोचल्यावर ते नव्याने भरावं लागे. त्यावरून हे नाव पडलं. वीस वर्षांत, 1996ला, हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोचला.

पाऊस : मैलागणिक वेगळा

लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पुण्यात 700 ते 800. मध्ये अंतर फक्त 65 किलोमीटर. त्यामुळे जुलैत तळेगावला कोरडी असलेली साखळी आंदर मावळातल्या खांडीच्या बाजूला लाल चिखलाने भरते. टायर आणि फ्रेममध्ये तो इतका बसतो की चाक फिरत नाही. तेव्हा काडीने खरवडायचा, झऱ्याखाली धरायची आणि निघायचं.

याच दिवसांत खाचरांत चिखलणी आणि लावणी चाललेली असते. लावलेलं भात बहुतेक इंद्रायणी. ही जात वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राची, आंबेमोहर आणि आयआर-8 यांच्या संकरातून आलेली. खाचराचा बांध सायकलसाठी मोहात पाडतो. सपाट, ओलसर, अगदी चाकाएवढा. त्यावर सायकल घालू नये. बांध फुटला तर खाचरातलं पाणी जातं, आणि तो पुन्हा लिंपायला शेतकऱ्याचा अर्धा दिवस मोडतो. उतरून कडेने जायला आपल्याला पाच मिनिटं लागतात.

खान खाली उतरला

लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यातून घाट उतरून उंबरखिंडीत शिरलेल्या मुघल सरदार कारतलबखानाला 1661मध्ये शिवाजी महाराजांनी कोंडीत पकडलं. नागफणीच्या कड्यावर सायकल लावून खाली पाहिलं की अरुंद वाटेत मोठं सैन्य शिरलं तर काय होतं, हे पुस्तकाविना समजतं.

वारा कुणाच्या बाजूने?

मावळ म्हणजे सूर्य मावळतो ती दिशा. नद्या इथून पूर्वेला वाहतात, म्हणून सकाळी स्टेशनवरून पश्चिमेला निघालात की खोरं हळूहळू चढत जातं. एप्रिल-मेमध्ये वाराही पश्चिमेचा, म्हणजे तोही समोरून. कान्हे, टाकवे, पुढे कुसूर. कुसूरचं पठार संपतं तिथून जुनी घाटवाट कोकणात उतरते. एके काळी तिच्यावरून ओझ्याचे बैल जायचे. कड्यावर उभं राहिलं की घामाने भिजलेला शर्ट पाचेक मिनिटांत वाळतो.

मग सायकल फिरवायची. आता उतारही आपला आणि वाराही. मागच्या हबचा टिकटिक आवाज, डाव्या-उजव्या हाताला राब भाजलेल्या जमिनीचे काळे तुकडे, आणि घराकडे निघालेली गुरं. ती वाटेत आली की थांबायचं, डोंगराच्या अंगाला सरकायचं, शेवटचं वासरू पुढे जाऊ द्यायचं. कान्ह्याची लोकल गाठायला अजून वेळ असतो.