आजोबांची पद्मिनी: गाडी दुरुस्त करायची की बदलायची?

आळंदला आमच्या घरामागच्या शेडमध्ये एक प्रीमियर पद्मिनी अकरा वर्षं उभी होती. १९७८ चं मॉडेल. आजोबांनी ती सोलापुरात सेकंडहँड घेतली आणि निवृत्तीनंतर गावी येताना सोबत आणली. राज्य बदललं म्हणून आधी सोलापूरच्या आरटीओची एनओसी, मग कलबुर्गीत नवी नोंदणी, असं करून तिला केए-३२ नंबर मिळाला. आजोबा गेले आणि गाडी थांबली. शेड गळायची, म्हणून पावसाळ्यात तिच्यावर ताडपत्री घालायचं काम माझ्याकडे होतं. मी ती ओलीच बांधून टाकायचो. आत कोंडलेल्या ओलीने पत्रा खाल्ला. हा दोष माझा, आधीच सांगून टाकतो.

गेल्या वर्षी भंगारवाला येऊन भाव करून गेला. मी पपांकडे थोडी मुदत मागितली आणि कलबुर्गीच्या रिंग रोडजवळचं एक छोटं गॅरेज गाठलं. तिथे फक्त जुन्या गाड्यांचं काम होतं; तीन गाड्या कशाबशा मावतात. माझ्या डोक्यात चित्र तयार होतं: काळा मॅट रंग, अलॉय व्हील, एखादं नवं इंजिन. तिथल्या चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेटा, गाडी दुरुस्त करायची का बदलायची? दोन्ही कामं वेगळी."

गाडी मूळ जशी होती तशी परत उभी करणं म्हणजे रिस्टोरेशन. आपल्या आवडीप्रमाणे तिच्यात बदल करणं म्हणजे कस्टमायझेशन. आपण दोन्हीला सर्रास 'मॉडिफाय' म्हणून मोकळे होतो.

आधी ही गाडी काय आहे ते बघू. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११०० डी. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योजकाने काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. टॅक्स्या इतक्या होत्या म्हणूनच तिचे पार्ट अजून मिळतात. चाचा ते कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून मागवतात.

मी उत्साहात चावी फिरवायला गेलो, तर ते ओरडलेच, "स्टार्टर नक्को मारो!" बरीच वर्षं उभ्या गाडीत पिस्टन सिलिंडरला चिकटून बसतात. जोर लावला तर आतून ओरखडे पडतात. म्हणून स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून तेल सोडायचं, दोन-चार दिवस थांबायचं आणि मग इंजिन हाताने हळूहळू फिरवून बघायचं. टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट होतं आणि कार्बोरेटरची बारीक भोकं बुजवतं, त्यामुळे टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही उतरवून साफ करावे लागतात. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. तिथली रबरं तर बदलायचीच. चाचांचा नियम असा, की आधी गाडी थांबली पाहिजे, मग ती चालवायची.

पत्र्याचं काम सगळ्यात वेळखाऊ. चाचा बॉडीवर लोहचुंबक फिरवतात. जिथे तो चिकटत नाही तिथे आत पत्रा नसतो, कुणीतरी लांबी भरून वर रंग मारलेला असतो. आमच्या गाडीत दाराखालची पट्टी आणि पायाखालचा पत्रा गेला होता. गंजलेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड करायचा, मग प्रायमर, मग रंग. गंजावरच रंग मारला तर दोन पावसाळ्यांत फुगे येतात. कुठलाही नट फोटो काढल्याशिवाय खोलायचा नाही आणि खोलला की चिठ्ठी लावून पिशवीत टाकायचा.

माझ्या मॅट रंगाचं आणि नव्या इंजिनाचं काय झालं? त्यात कायदा आडवा आला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. आरसीवर रंगसुद्धा लिहिलेला असतो. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो. नोंदणीचे वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी, की सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा. मात्र अशी गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. आमची पद्मिनी २०२८ मध्ये पन्नाशी गाठेल. आज इंजिन बदललं तर तो रस्ता कायमचा बंद.

म्हणजे कस्टमायझेशन वाईटच, असं नाही. आपला हा भाग ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याची १९१२ ची पिवळी रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये आहे. तिची बॉडी बार्करने खास मागणीनुसार बनवली आणि मागे सिंहासनासारखं आसन बसवलं. तिथे मागणीप्रमाणे केलेला बदल हेच मूळ रूप आहे.

मग मूळ म्हणजे नेमकं काय? हा प्रश्न आपल्या साहित्याच्या वर्गातही येतो. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं, पण त्या आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही. १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणांनी ते हस्तलिखितांवरून पुन्हा छापलं. मूळचं कोणतं आणि नंतर कुणी घातलेलं कोणतं, हे संपादकाला ओळीओळीला ठरवावं लागतं.

आमच्यासमोर हाच पेच डॅशबोर्डवर आला. प्रवाशांचा संत म्हणून आजोबांनी संत ख्रिस्तोफरचं ॲल्युमिनियमचं मेडल दोन रिव्हेट मारून तिथे बसवलं होतं. चाचांनी विचारलं, "ये कंपनीचं नाही. काढून भोकं बुजवू?" मी पपांकडे बघितलं. पपा म्हणाले, "राहू दे. कंपनीने गाडी बनवली, पण चालवली आमच्या बाबांनी." मेडल राहिलं. पुढच्या सीटला बेल्ट मात्र लावून घेतले, तेही पत्रा न कापता, नटबोल्टवर, म्हणजे उद्या काढता येतील.

रंग तोच जुना, पांढरा. गेल्या महिन्यात पपा आईला घेऊन तिच्यातून मिस्साला गेले. मी मागे बसलो होतो. दुसरा गिअर अजून अडकतो, त्याचं काम बाकी आहे. आणि ताडपत्री आता मी आधी उन्हात वाळवतो, मगच घालतो.