संगणकाच्या आतली गर्दी

बालमित्रांनो, अंगारकी चतुर्थीला टिटवाळ्याला कधी गेला आहात? लोकल थांबली, की माणसांचा लोंढा बाहेर पडतो. महागणपतीच्या दर्शनाला सगळ्यांनाच आधी जायचं असतं. मग काय होतं? रांग गोगलगाईच्या चालीनं सरकते!

तुमच्या घरचा संगणक चालू व्हायला फार वेळ लावतो ना, तेव्हा त्याच्या आतही बरेचदा हेच चाललेलं असतं. गाण्यांचा, गप्पांचा, खेळांचा असे सगळे प्रोग्राम एकदम आत घुसतात. तेव्हा "नवा संगणक घ्या" असं आई-बाबांमागं टुमणं लावण्याआधी ही रांग तर पाहा!

आई, बाबा किंवा ताई-दादाला शेजारी बसवा. की-बोर्डवरचं विंडोजचं बटण दाबून धरा आणि 'आर' दाबा. एक छोटी चौकट उघडेल. तिच्यात एम, एस, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही अक्षरं सलग टाइप करून एंटर दाबा. पासवर्ड मागितला, तर तो मोठ्यांनीच टाकायचा. उघडलं की नाही 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'? १९९८ सालच्या 'विंडोज ९८'मध्ये हे साधन आलं आणि आजच्या विंडोजमध्येही ते आहे.

वर पाच कप्पे दिसतील : जनरल, बूट, सर्व्हिसेस, स्टार्टअप आणि टूल्स. आपली रांग 'स्टार्टअप'मध्ये. २०१२च्या 'विंडोज ८'पासून ही यादी टास्क मॅनेजरमध्ये गेली, पण तिथं जायची वाट याच कप्प्यात आहे. नको त्या प्रोग्रामवर माउसचं उजवं बटण दाबून 'डिसेबल' निवडा. तो पुसला जात नाही बरं का! फक्त सुरुवातीच्या गर्दीत येत नाही. व्हायरसपासून राखण करणाऱ्याला मात्र हात लावू नका.

'बूट'मध्येही लुडबुड नको. तिथं 'सेफ बूट'वर खूण केलीत, तर ती काढेपर्यंत संगणक दर वेळी अगदी मोजक्या सोयींनिशी सुरू होईल. म्हणून नियम एकच : पाहायला हरकत नाही, पण बदलण्याआधी वहीत लिहायचं. आधी काय होतं आणि आपण काय केलं. एका वेळी एकच बदल. काही बिघडलंच, तर परत फिरायची वाट वहीत सापडते.

आणखी एक गंमत. 'सर्व्हिसेस'मध्ये कित्येक नावांपुढं 'स्टॉप्ड' दिसेल. घाबरू नका! काम नसलं, की सेवा थांबलेलीच असते. काही भामटे मात्र फोन करून हाच शब्द दाखवतात, 'संगणक बिघडलाय' म्हणतात आणि दुरुस्तीचे पैसे उकळतात. आजोबांना असा फोन आला, तर तो सरळ ठेवायला सांगा. पैसे गेलेच, तर मोठ्यांनी ताबडतोब १९३० या सरकारी मदत क्रमांकावर कळवायचं.

मग, येत्या रविवारी वही-पेन्सिल घेऊन बसणार ना?