कासेची दगडी आणि उलटणारी गाय

हे सदर माणसांच्या आजारांचे. पण एका वाचकांनी पत्र लिहून विचारले आहे, "आमची संकरित गाय विऊन चार महिने झाले. व्याल्यावर तिला दगडी झाली होती, ती उपचाराने बरी झाली. आता तीनदा रेतन करूनही गाय उलटते. याचा त्या दगडीशी काही संबंध असेल का?"

मी जनावरांचा डॉक्टर नव्हे. परंतु माझ्या दवाखान्यात येणारी निम्मी घरे दुधाच्या पगारावर चालतात, आणि दाह ही गोष्ट माणसात व गायीत फारशी वेगळी नाही. म्हणून पशुवैद्यक स्नेह्याशी बोलून हे लिहीत आहे.

संबंध असू शकतो. पुष्कळांना वाटते, कास वेगळी आणि गर्भपिशवी वेगळी. जागेने वेगळ्या आहेत हे खरे, पण रक्त एकच. कासेत जंतू वाढले की त्यांचे विष आणि दाहातून तयार होणारी द्रव्ये रक्तात उतरतात. शरीरावर ताण आल्यामुळे कॉर्टिसॉल वाढते आणि मेंदूकडून अंडाशयाला जाणारा संप्रेरकाचा हुकूम उशिरा किंवा अपुरा पोहोचतो. गाय माजावर दिसते, रेतन होते, पण अंडे वेळेवर सुटत नाही. शुक्रजंतू तग धरतात साधारण दिवसभर. मग रेतन वाया जाते आणि दोष मात्र रेतन करणाऱ्याला!

दगडी रेतनानंतर झाली तर नुकसान दुसऱ्या वाटेने होते. दाहात प्रोस्टाग्लँडिन वाढते. गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन अंडाशयावरच्या ज्या पिवळ्या गाठीतून येते, ती गाठ यामुळे विरघळू शकते. त्यात ताप आला तर कोवळा गर्भ तगणे आणखी कठीण.

अमेरिकेत जर्सी गायींचा एक अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या रेतनापूर्वी दगडी झालेल्या गायींचे पहिले रेतन व्याल्यानंतर सुमारे 94 दिवसांनी झाले, निरोगी गायींचे 71 दिवसांनी. पहिल्या रेतनानंतर, पण गाभण राहण्यापूर्वी दगडी झालेल्यांना गाभण राहण्यासाठी सरासरी 2.9 रेतने लागली. निरोगी गायींना 1.7 पुरली. प्रत्येक चुकलेला माज म्हणजे 21 दिवसांचा चारा आणि पेंड अंगावर.

खरा चोर निराळाच आहे. कास लाल, गरम, टणक झाली, दुधात गाठी आल्या, तर कोणालाही कळते. सुप्त दगडीत यातले काहीच दिसत नाही. दूध पांढरेशुभ्र, गाय चारा खाते, पण दाह आत चालूच असतो. आपल्या पत्रलेखकांची गाय "बरी झाली" म्हणजे कास मऊ झाली, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. चारही सडांचे दूध वेगवेगळे तपासून घ्यावे. चार खणांच्या तबकडीत दूध आणि चाचणीचे द्रावण सारखे मिसळून फिरवतात. आजारी सडाचे दूध शेंबडासारखे घट्ट होते. दुधात उतरलेल्या पांढऱ्या पेशी फुटल्यामुळे असे होते. ही चाचणी गोठ्यातच मिनिटभरात होते.

मात्र गाय उलटण्याला दगडी हे एकच कारण नाही. गर्भपिशवीचा दाह, क्षारांची कमतरता, माज चुकीच्या वेळी ओळखणे, हीही कारणे आहेत. तेव्हा चौथे रेतन करण्याआधी पशुवैद्यकांकडून तपासणी करून घ्या आणि दगडी कोणत्या तारखेला झाली होती ते त्यांना सांगा.

काळजीचे म्हणाल तर, धार काढण्यापूर्वी हात व सड धुऊन कोरडे करावेत, आजारी गायीची धार शेवटी काढावी. धार झाल्यावर सड जंतुनाशकात बुडवावेत आणि लगेच चारा टाकावा. गाय अर्धा-पाऊण तास उभी राहते, तोवर सडाचे तोंड मिटते. आटवताना सडात औषध सोडायचे का, हे पशुवैद्यकांना विचारावे.

आता माझ्या खात्यातले. सडात सोडायच्या ट्यूबा दुकानातून परस्पर आणून अर्धवट वापरण्याची खोड आपल्याकडे फार. त्याने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. उपचार चालू असताना आणि नंतर पशुवैद्यक सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीत घालू नये, घरातही वापरू नये. उकळल्याने जंतू मरतात, पण औषधाचा अंश बराचसा तसाच राहतो. पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्या माणसाला तेवढाही अंश त्रास देऊ शकतो.