घरच्या काचटाकीत मलावी माशांच्या पिलांची जोपासना

चिलापी हा मासा कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांना नवा नाही. मूळच्या आफ्रिकेतील या माशाची एक जात १९५२ साली भारतात आणण्यात आली आणि पुढे तलावांतून व नद्यांतून ती इतकी पसरली की अनेक ठिकाणी आज ती नकोशी झाली आहे. मादी अंडी व लहान पिले स्वतःच्या तोंडात सांभाळते, हे या फैलावाचे एक मोठे कारण होय. शोभेसाठी काचटाकीत पाळले जाणारे मलावी सरोवरातील रंगीत मासे याच कुळातील असून त्यांच्या माद्याही अशीच काळजी घेतात. असे असता टाकीतील पिले मात्र दोन-चार दिवसांत दिसेनाशी होतात. परसात शोभिवंत मासे वाढविण्याच्या जोडधंद्याचा समावेश २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत झाला आहे. तेव्हा ही हानी केवळ हौसेपुरती राहिलेली नाही.

पिले रोगाने गेली, असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः बहुतेक वेळा ती टाकीतील मोठ्या माशांनी खाल्लेली असतात. सरोवराच्या काठी खडकांच्या असंख्य फटी असतात. टाकीत पळून जाण्यास जागाच नसते. म्हणून पहिले काम म्हणजे मादीस योग्य वेळी वेगळे करणे.

मादीचा घसा खाली फुगलेला दिसतो, तोंड मिटलेले राहते आणि ती चारा खात नाही. ही अवस्था सुमारे तीन आठवडे टिकते. पहिल्या दिवसांत तिला हलविल्यास ती घाबरून अंडी थुंकते किंवा गिळते. साधारण पंधरा दिवसांनंतर, रात्री दिवे मंद करून, हातजाळ्याने तिला अलगद उचलावे व पाण्याबाहेर शक्य तितके कमी ठेवावे. तिचा जबडा उघडून पिले काढण्याची रीत जाणकार वापरतात. नवशिक्यांनी त्या वाटेस जाऊ नये. पिले बाहेर आल्यावर मादीस काढून घ्यावे, मात्र ती उपाशी असल्यामुळे मुख्य टाकीत परत सोडण्यापूर्वी तिला काही दिवस एकटीलाच खाऊ घालावे.

वीस-पंचवीस पिलांना चाळीस ते पन्नास लिटरची टाकी पुरते. तळाशी मंगलोरी कौलांचे तुकडे ठेवावेत. पाणी गाळण्यासाठी हवेच्या पंपावर चालणारा स्पंजाचा गाळक उत्तम, कारण त्यात पिले ओढली जात नाहीत. हा स्पंज आधी तीन-चार आठवडे मोठ्या माशांच्या टाकीत चालवावा. त्यात वाढणारे उपयुक्त जीवाणूच माशांच्या उत्सर्गातील अमोनिया नाहीसा करतात. स्पंज नळाखाली धुतल्यास क्लोरीनमुळे हे जीवाणू मरतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. वीज काही तास गेली असल्यास पंप पुन्हा सुरू होण्यापूर्वीही तसेच करावे.

डाळ लवकर न शिजविणारे विहिरीचे जड पाणी या माशांना सहसा मानवते, कारण मलावी सरोवराचे पाणीही अल्कधर्मी आहे. तथापि अशाच पाण्यात अमोनिया अधिक घातक होतो. पंचवीस अंश सेल्सिअस तापमानास व सात सामूस एकूण अमोनियाचा शंभरातील एक भागही विषारी रूपात नसतो; सामू ८.२ झाला की सुमारे आठ भाग तसे होतात. म्हणून उरलेला चारा येथे सर्वांत मोठा शत्रू ठरतो. उकडलेल्या अंड्याचा बलक स्वस्त खरा, पण तो पाणी फार लवकर नासवितो. बोटांनी चुरलेला कोरडा मत्स्याहार चिमूट-चिमूट करून दिवसातून चार वेळा द्यावा आणि राहिलेला बारीक नळीने ओढून काढावा. आर्टेमियाची अंडी मिळत असल्यास लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ घालून, हवा सोडून, उबेत ठेवल्यास २४ ते ३६ तासांत जिवंत खाद्य तयार होते. ते गोड्या पाण्यात खंगाळून द्यावे.

दर दिवसाआड दहावा हिस्सा पाणी बदलावे. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असते. असे पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवल्याखेरीज वापरू नये. फवारणीच्या बादल्या टाकीच्या कामास कदापि घेऊ नयेत, व फवारणी करून आलेल्याने साबणाने हात धुतल्याविना पाण्यात हात घालू नये. सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशकांचा अंशही माशांना मारक होतो.

डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात रात्रीचे तापमान पंधरा अंशांच्या आसपास येते. पिलांचे पाणी २४ ते २७ अंश ठेवण्यासाठी हीटर लागतोच. केवळ टाकी झाकून भागत नाही.

दोन-अडीच महिन्यांत पिले इंचभर झाली की आकारानुसार वेगळी करावीत. निरनिराळ्या जातींच्या संकरातून झालेल्या पिलांना जाणकार ग्राहक विचारीत नाही. अशी किंवा जास्त झालेली पिले रंकाळ्यात, विहिरीत अथवा ओढ्यात सोडण्याचा मोह होतो. चिलापीचे उदाहरण समोर असताना ते करू नये. पंचगंगेत गेलेला मासा नृसिंहवाडीजवळ कृष्णेला मिळतो, तेथून त्याला परत आणता येत नाही. २०१९ व २०२१ साली महापुराचे पाणी जेथे चढले होते, अशा शिरोळ व करवीर तालुक्यांतील गावी परसातील उघड्या हौदात हे मासे ठेवू नयेत. पावसाळ्यापूर्वीच ते घरातील उंचावरच्या टाकीत हलवावेत.