किरणोत्सर्ग-जीवशास्त्र : अभ्यास आणि उपजीविका

किरणोत्सर्गाचा सजीवांवर काय परिणाम होतो, याचा विचार करणाऱ्या शास्त्रास किरणोत्सर्ग-जीवशास्त्र म्हणतात. रंटजेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लाविला आणि थोड्याच काळांत ते हाताळणाऱ्यांच्या कातडीवर भाजल्यासारखे व्रण उठूं लागले. जे किरण निरोगी कातडी जाळतात, ते रोगट गांठही जाळूं शकतील, हें वैद्यांनीं लवकरच ओळखलें. अपाय व उपाय एकाच मुळापासून कसे निघतात, हें शोधणें हाच या शास्त्राचा गाभा होय.

एक उदाहरण पाहावें. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककांत मोजतात. सर्व शरीरास सुमारें ४ ग्रे मात्रा एकदम मिळाली आणि उपचार झाले नाहींत, तर निम्मीं माणसें दगावण्याचा संभव असतो. परंतु तेवढ्या मात्रेनें शरीराचें उष्णतामान अंशाच्या हजाराव्या भागानेंच वाढतें. चमचाभर गरम चहांतूनही याहून अधिक ऊब मिळते. मग संहार होतो कशानें? किरण पेशींतील डीएनएचे धागे तोडतात. जोडींतील एक धागा तुटला तर पेशी तो बहुधा सांधते. दोन्ही धागे जवळजवळ तुटले म्हणजे सांधणें कठीण होतें. कर्करोगावर पुष्कळदां रोज सुमारें २ ग्रे अशी मात्रा कित्येक आठवडे वांटून देतात, ती निरोगी पेशींस सांधण्यास अवसर मिळावा म्हणून.

या विद्येचा उपयोग शेतीसही झाला आहे. क्ष-किरणांनीं माशीच्या आनुवंशिक गुणांत पालट घडतो, हें मुलर यांनीं १९२७ सालीं दाखविलें. त्याबद्दल त्यांस १९४६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच तत्त्वाचा आधार घेऊन ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें भुईमुगाचे वाण सिद्ध केले. टीएजी-२४ हा त्यांतलाच. लासलगांवच्या केंद्रांत कांद्यास कोंब फुटूं नये म्हणून गॅमा किरण देतात. तेथूनच किरण दिलेला हापूस आंबा २००७ सालीं अमेरिकेस गेला. कीड निकामी करणाऱ्या या किरणांनीं फळ स्वतः किरणोत्सर्गी होत नाहीं.

हा विषय घेऊं पाहणाऱ्यानें एक गोष्ट आधीं ध्यानांत ठेवावी. केवळ याच नांवाची पदवी देणारीं विद्यापीठें थोडीं. बहुधा हा पदव्युत्तर अभ्यासाचा किंवा संशोधनाचा विषय असतो. म्हणून पाया कोणता घालावयाचा, हें महत्त्वाचें. पाया एका विषयाचा घातला आणि नोकरी दुसऱ्या विषयाची हवी झाली, तर उमेदीचीं वर्षें वायां जातात.

जीवशास्त्राच्या किंवा जीवरसायनाच्या पदवीधराची वाट मुख्यतः संशोधनाकडे जाते. ट्रॉम्बे व दिल्ली येथील सरकारी प्रयोगशाळांत असें काम चालतें. मात्र तेथें पीएच.डी.ची अपेक्षा बहुधा असते आणि जागा मोजक्याच. कर्करोगाच्या रुग्णालयांत मात्रेचें गणित करणारा वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ निराळा. त्यास बहुधा भौतिकशास्त्राची एम.एस्सी., त्यावर किरणोत्सर्ग-भौतिकीची पदविका आणि वर्षभराची उमेदवारी लागते. जीवशास्त्राच्या एम.एस्सी.स हें दार उघडत नाहीं. किरणोपचार करणारा डॉक्टर एम.बी.बी.एस.नंतर त्या शाखेचा एम.डी. होतो. ज्यास लवकर मिळवतें व्हावयाचें आहे, त्यास बारावीनंतर किरणोपचार-तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम सोयीचा.

तेव्हां 'या विषयास भाव आहे काय' असें विचारण्यापूर्वीं पालकांनीं मुलाचा कल पाहावा. त्याचें मन पेशींत रमतें, पदार्थाच्या नियमांत रमतें, कीं रुग्णसेवेंत, यावर वाट ठरावी. मात्र गणिताच्या भीतीनें कोणी जीवशास्त्राकडे वळला असेल, तर त्याची येथें निराशा होईल. कारण किती मात्रेस किती पेशी जगतात, या आलेखापासूनच या शास्त्राचा श्रीगणेशा होतो.